रोझरीतलं जास्तीचं नाव

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट कुणाकडून ऐकून तिखटमीठ लावलेली नाही. ही माझ्या आईच्या बाबतीत घडली. पटली तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही.

साल १९५२. जानेवारी महिना. वसईजवळचं सांडोर गाव.

माझ्या आईचं नाव सालोमी. गोष्टीत मी तिला सालोमीच म्हणतो, कारण तेव्हा ती अजून कुणाची आई झाली नव्हती. मी पोटात होतो, पण ते तिने घरात कुणाला सांगितलंही नव्हतं.

तीन राजांचा सण झाला आणि नाताळ संपला. धाकट्या दिराने, प्लासिडने, येशूबाळाच्या देखाव्याची गव्हाण मोडली. पेंढा गुरांना घातला, कागदी तारा ओट्यावरून उतरवला. डब्यात उरलेल्या नेवऱ्या मऊ पडल्या होत्या. पाहुणे आपापल्या गावी गेले आणि घर एकदम रिकामं वाटायला लागलं. पुन्हा तेच रोजचं सुरू झालं. सकाळी केळीच्या वाडीला पाणी, दुपारी भाजी खुडणं, आणि संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना.

रोझरीच्या बाबतीत सालोमीची सासू इझाबेल फार कडक. चर्चची घंटा झाली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी घरातल्या देवाच्या आल्तारापुढे गुडघे टेकायचे. उशीर केला तर त्या दिवशी ताट मिळत नसे. मग तो पोटचा मुलगा असो नाहीतर घरचा गडी.

माळ संपली की इझाबेल घरातल्या मेलेल्यांची नावं घ्यायची. आपल्या सासऱ्याचं, नवऱ्याचं, दिराचं, लहानपणी गेलेल्या मुलीचं. ती म्हणायची, 'अमक्याच्या आत्म्यासाठी', आणि सगळे एका सुरात 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणायचे. जन्मभराची सवय. नाव कानावर पडलं की ओठ आपोआप हलायचे, डोकं केळ्यांच्या भावात असलं तरी.

या नावांत एक नाव नव्हतं.

लुईझाचं.

लुईझा म्हणजे सालोमीच्या नवऱ्याची, फेबियनची, पहिली बायको. बरोबर वर्षापूर्वीच्या नाताळात बाळंतपणात गेली. मूलही गेलं. लग्न ठरवताना एवढंच सांगितलं होतं. सालोमीने एकदा सासूला विचारलं, तिचं नाव का घेत नाही? सासू म्हणाली, नवी सून घरात आली आहे, तिला कशाला जुनं ऐकवायचं. सालोमीला ते मायेचं वाटलं. बिचारी.

गव्हाण मोडली त्याच संध्याकाळची गोष्ट.

आल्तारापुढे पाच जणं होती. इझाबेल, तिची विधवा जाऊ व्हेरोनिका, फेबियन, प्लासिड आणि सालोमी. नंदाखालहून आलेला इझाबेलचा भाऊ निकोलस सकाळीच बैलगाडी जुंपून परत गेला होता.

माळ सुरू झाली. सासू अर्धी प्रार्थना म्हणते, बाकीचे उरलेली.

सालोमीच्या लक्षात आलं...

सगळ्यांचं आमेन झाल्यावर, मागे कुणीतरी एकटंच आमेन म्हणत होतं.

थोडं उशिरा. धाप लागल्यासारखं.

मागे फक्त आतल्या खोलीचं दार होतं. त्या खोलीत भाताची कणगी आणि कांदे. दाराला बाहेरून कडी. सालोमीला वाटलं, भिंतीवरून आवाज परत येत असेल.

मग नावं आली. शेवटचं नाव झालं. इझाबेल क्रूसाची खूण करायला हात उचलणार, एवढ्यात...

"निकोलसच्या आत्म्यासाठी."

बाईचा आवाज होता.

आणि पाचही जणांनी 'आमच्या बापा' म्हटलं. सवयच ती! पूर्ण म्हणून झालं, तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. व्हेरोनिका म्हणाली, निकोलसचं नाव कुणी घेतलं? तो तर धडधाकट आहे. इझाबेल सालोमीवर भडकली. हा कसला चावटपणा म्हणाली. सालोमी शपथा घेऊन दमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाखालहून माणूस सायकल हाणत आला. निकोलस पहाटे वाडीला पाणी लावायला गेला होता. बावखळात, वाडीतल्या तळ्यात, पडला. पाणी कमरेएवढंही नव्हतं. चांगला पोहणारा माणूस, पण तोंड खाली करून पडलेला सापडला.

मयत झाली. घरात त्या नावाबद्दल कुणी बोललं नाही. सगळ्यांना आठवत होतं, म्हणूनच कुणी बोललं नाही.

रोझरी मात्र चुकली नाही. इझाबेलने चुकू दिली नसती.

काही दिवस काही झालं नाही. सालोमीलाही वाटायला लागलं की तो योगायोग असेल. मग एका संध्याकाळी पुन्हा तो मागे राहणारा आवाज आला. या वेळी जवळून. सालोमीच्या मानेवर कुणाचा तरी गरम श्वास लागला, तापातल्या माणसाचा असतो तसा. तिला मागे वळायचं होतं, पण मान वळेना.

शेवटचं नाव झालं.

मग...

"व्हेरोनिकाच्या आत्म्यासाठी."

प्लासिडने आणि फेबियनने म्हटलं. इझाबेलनेही म्हटलं. आणि काय सांगू, व्हेरोनिकाने स्वतःही म्हटलं. अर्धं म्हणून झाल्यावर ती थांबली आणि तोंडावर हात धरून रडायला लागली.

पहाटे ती चुलीपाशी बसलेली सापडली. चूल पेटलेली होती, वर पाणी उकळत होतं. अंग गार झालेलं होतं.

मग प्लासिडने कुणाला न विचारता फादरना आणलं. फादरनी सगळ्या घरात पवित्र पाणी शिंपडलं. आतल्या खोलीपाशी ते जरा थांबले. इझाबेलला त्यांनी विचारलं, बाई, मनावर काही ओझं आहे का, मला सांगायचं आहे का? इझाबेलने त्यांना कॉफी दिली, बशीत नेवऱ्या दिल्या आणि सांगितलं, आमचं घर देवाचं आहे फादर. ते कॉफी पिऊन गेले.

सालोमीला खरं कळलं ते कमळीकडून. कमळी त्यांच्या वाडीत वर्षानुवर्षं भाजी खुडायला यायची. व्हेरोनिकाच्या मयतीनंतर दोघी वांगी काढत होत्या. कमळीने टोपली खाली ठेवली.

"बाय, तुला कोनी काहीच सांगितलं नाय?"

सालोमी म्हणाली, नाही.

मग कमळीने सांगितलं. वर्षापूर्वीच्या नाताळात लुईझा दोन दिवस अडली होती. अंगात ताप फणफणलेला. डॉक्टरला नाहीतर फादरना तरी बोलवा म्हणून विनवत होती. बाहेर ओट्यावर पाहुणे. इझाबेल म्हणाली, नाताळच्या दिवशी फादर मरणाऱ्याला लावायचं तेल घेऊन घरात शिरले तर गाव काय म्हणेल, उद्या बघू. निकोलसची गाडी दारातच होती. तो म्हणाला, सणाच्या दिवशी मी बैल जुंपत नाही, पाप लागतं. लुईझाच्या ओरडण्याने पाहुणे अवघडायला लागले, तेव्हा व्हेरोनिकाने आतल्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि बायकांना मोठ्याने नाताळची गाणी म्हणायला लावलं. प्लासिड तेवढा त्या सणाला मुंबईला कामावर अडकला होता.

"आनि हे?" सालोमीने विचारलं. ऐकता ऐकता तिची बोलीही कमळीसारखी झाली होती. हे म्हणजे फेबियन.

कमळीने आधी घराकडे वळून बघितलं.

"तिने कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं गो. त्या दिवशी घेतलं. फेबियन, फेबियन म्हनून हाका मारल्या. मी पाठच्या दारी भांडी घासत होते, मला ऐकू येत होतं. तो ओट्यावर बसला होता. त्याने ऐकलं. आईकडे बघितलं. आनि तसाच बसून रायला."

 सालोमीला नवऱ्याचा राग आला, असा आला की तिथेच त्याला सोडून माहेरी निघून जावं. आणि त्याच वेळी तिला कळलं की पुढचं नाव कुणाचं आहे. पोटातल्या पोराला बाप राहणार नाही.

ती थेट सासूपुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, आज लुईझाचं नाव घ्या. माफी मागा. नाहीतर हे जातील.

"त्या पोरीचं नाव घेतलं," इझाबेल म्हणाली, "म्हणजे आम्ही तिला मारलं असं आल्तारापुढे कबूल केल्यासारखं होईल. या घराला मी तो डाग लावणार नाही."

मुलगा जाईल याची भीती तिच्या डोळ्यांत दिसत होती. तरी तिने मान हलवली नाही. अशी बाई!

सालोमीने मग दोघा भावांना वाडीत गाठलं. सांगितलं, आज शेवटी मागून जे नाव येईल त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही. ओठ चावा, जीभ चावा, पण 'आमच्या बापा' तोंडातून निघता कामा नये. उत्तर दिलं की माणूस जातो. प्लासिडने हो म्हटलं. फेबियन जमिनीकडे बघत होता. सालोमीने त्याला पोटातल्या बाळाचं सांगितलं, तेव्हा त्याने तिचा हात घट्ट धरला. 

घंटा झाली.

चौघं गुडघ्यावर बसली. सालोमी फेबियनला अगदी चिकटून. माळ सरली. त्या दिवशी मागून कुणाचंही आमेन आलं नाही. एकदाही नाही.

तीच शांतता जास्त भयंकर होती.

इझाबेलने नावं घेतली. निकोलस, व्हेरोनिका, सगळी. ती संपताच सालोमी मोठ्याने म्हणाली, "लुईझाच्या आत्म्यासाठी." आणि तिने एकटीनेच 'आमच्या बापा' सुरू केलं. प्लासिडने आईकडे बघितलं. आईने डोळे वटारले. तो गप्प बसला.

फेबियननेही आईकडे बघितलं.

तोही गप्प बसला.

सालोमी एकटीच म्हणत राहिली. तिचं आमेन संपलं. आल्तारावरची मेणबत्ती सरळ जळत होती, जराही हलत नव्हती.

मग आतल्या खोलीची कडी...

हळूच निघाली.

"फेबियनच्या आत्म्यासाठी."

कुणी तोंड उघडलं नाही. इझाबेलने पदर तोंडात कोंबला होता. प्लासिडच्या ओठांतून रक्त आलं. सालोमीने एका हाताने स्वतःचं तोंड दाबलं आणि दुसऱ्या हाताने फेबियनचं.

काहीच झालं नाही. सालोमीला वाटलं, वाचलो.

पण तो आवाज पुन्हा आला. या वेळी प्रार्थना नव्हती. नुसती हाक होती. दमलेली, तापलेली.

"फेबियन..."

तिच्या तळहाताखाली त्याचे ओठ थरथरायला लागले. त्याने तिचा हात धरला आणि बाजूला केला. जोर करून नाही, हळूच. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आलो गो," तो म्हणाला.

आणि त्याने आल्ताराकडे तोंड करून, स्वतःच्या नावावर, सबंध 'आमच्या बापा' म्हटलं. एकही शब्द न चुकता.

सालोमी रात्रभर त्याला मिठी मारून जागी होती. पहाटे तिचा डोळा लागला. उठली तेव्हा तो आतल्या खोलीच्या दाराशी बसलेला होता. दाराला कान लावून. गेलेला.

कडी पुन्हा बाहेरून लागलेली होती.

त्याला मूठमाती दिल्यावर त्याच संध्याकाळी सालोमीने सगळ्यांत आधी लुईझाचं नाव घेतलं. या वेळी सगळ्यांनी उत्तर दिलं. इझाबेलनेसुद्धा. तो आवाज पुन्हा कधीच आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, इझाबेलचं काय?

तिला काही झालं नाही. हेच तर.

ती रोज नावं संपल्यावर थांबायची. आतल्या खोलीच्या दाराकडे कान देऊन वाट बघायची. भाऊ गेला, जाऊ गेली, मुलगा गेला, आता आपली पाळी म्हणून. तिची पाळी आलीच नाही. ती वाळत गेली, डोळे गेले, पाय गेले, तरी जगली. शेवटी शेवटी तर ती स्वतःच आपलं नाव घ्यायची. 'इझाबेलच्या आत्म्यासाठी', असं म्हणून चाचपडत सालोमीचा पदर धरायची. कुणीतरी उत्तर द्यावं म्हणून.

सालोमी गप्प बसायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मोठा झाल्यावर मी आईला विचारलं, एकदा म्हटलं असतंस तर सुटली असती ना ती?

आई म्हणाली, "सुटली असती, म्हणूनच नाही म्हटलं."

इझाबेल खूप म्हातारी होऊन गेली. आता आईही नाही. घरात रोझरी मी सांगतो. नाताळ झाला, गव्हाण मोडली, तरी आमच्याकडे ती अजून चुकत नाही. मी सगळ्यांची नावं घेतो. लुईझाचं, निकोलसचं, व्हेरोनिकाचं, माझ्या बापाचं, आईचं. नातवंडं खणखणीत आवाजात उत्तर देतात. त्यांना यातलं काहीच माहीत नाही, मी कधी सांगितलेलं नाही.

शेवटी मी म्हणतो, इझाबेलच्या आत्म्यासाठी...

एकाचंही तोंड उघडत नाही.

पोरं माळ हातात धरून समोर बघत असतात. मी स्वतः म्हणायला जातो, तर माझेही ओठ हलत नाहीत. थोडा वेळ वाट बघून मी क्रूसाची खूण करतो आणि उठतो.

कालही तसंच झालं.