सत्तावीस नंबरचा हिरवा दिवा

हीटर जरा इकडे सरकवा. हां, आता बसा दोघं. उद्यापासून तुम्ही वरच्या वाड्यांवर म्हाताऱ्यांच्या घरी प्लग बसवायला जाणार, म्हणून आजच सांगून टाकतो. गोष्ट म्हणून ऐकलीत तरी माझी ना नाही, पण ही घडलेली आहे. सोक म्योंग-बेच्या बाबतीत घडली. तुमच्या आधी हेच काम तो करायचा. हल्ली बुसानला असतो, भावाच्या मासळीच्या दुकानात. प्लगचं नाव काढलं की उठून बाहेर जातो.

तुम्हाला कचेरीत शिकवलंच असेल. आपल्याकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची एक्केचाळीस घरं, आणि प्रत्येकाच्या टीव्हीमागे एक स्मार्ट प्लग. माणूस जिवंत असला तर टीव्ही लावणार, बंद करणार, विजेचा वापर वर-खाली होणार. चोवीस तास काहीच हललं नाही, तर कचेरीतल्या पडद्यावरचा हिरवा दिवा लाल होतो आणि वायरमनच्या फोनवर घंटा वाजते. की निघालाच तो. कुणी एकट्यानं मरून पडू नये, पडलंच तर आठवडाभर तसंच राहू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कल्पना झकास. कागदावर सगळंच झकास असतं हो. वीज पापणी लवेपर्यंत गेली तरी प्लग वायफाय विसरायचा. कुणाच्या वायफायच्या डब्यावर ऊब मिळते म्हणून मांजर झोपायचं. कुणी वीज वाचवायची म्हणून रात्री घरातलं सगळंच उपटून ठेवायचं. संपर्क तुटला, की घंटा. आठवड्यातून पाच-सहा वेळा लांडगा आला रे आला. म्योंग-बे धावत वर जायचा, तर म्हातारा परसात मिरच्या वाळवत बसलेला, वर यालाच विचारणार, ‘काय रे, पेट्रोल फुकट मिळतं का?’

पण सगळ्यात जास्त छळलं ते सत्तावीस नंबरनं.

सत्तावीस म्हणजे नुरुपगोल वाडीचं शेवटचं घर. तिथं कु बुन-रे नावाची म्हातारी राहायची. वय त्र्याऐंशी, पाठीत वाकलेली, जीभ मात्र सरळ. मुलगा कॅनडात. शेजारची तिन्ही घरं बंद. म्योंग-बेची गाडी वाजली की दारातूनच ओरडायची, “ये रे वायरमन! अजून मेले नाही म्हणून सांग तुझ्या कचेरीतल्या बाईंना. खड्डा खणायची घाई करू नका म्हणावं!”

“आजी, प्लग कुणी काढला?”

“मी कशाला काढू? आपोआप पडला. तुमची वस्तूच तकलादू.”

“भिंतीतला प्लग आपोआप पडतो होय?”

“माझे दात नाही पडले आपोआप? बस खाली. रताळी भाजलीत. तोंड बघ कसं सुकलंय, बायको जेवायला घालते की नाही?”

मग तासभर तो अडकायचा. पोरीच्या अभ्यासापासून सासूच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांची चौकशी व्हायची. निघताना म्हातारी बॅटरी घेऊन फाटकापर्यंत यायची. म्योंग-बेनं तीनदा प्लग बदलला. कंपनीला फोन केला की एकच उत्तर, ‘नवा लावून बघा.’ चौथाही पडायचा तो पडलाच.

सहाव्या खेपेला नोव्हेंबर होता. त्या संध्याकाळी म्योंग-बेच्या पोरीचा वाढदिवस. बायकोनं वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सूप केलेलं, पाहुणे बसलेले, आणि सत्तावीसची घंटा वाजली. आठ किलोमीटर चढून वर गेला, तर म्हातारी हसत दारात उभी. त्याचं डोकं फिरलं. टीव्हीमागचा प्लग घेतला आणि मागच्या स्वयंपाकघरात, किमचीचं लोणचं ठेवायच्या फ्रिजला लावून टाकला.

तुम्ही हसताय म्हणजे कळलंय तुम्हाला. फ्रिजची मोटर आपली आपण चालू होते, आपली आपण थांबते. वापर वर-खाली, वर-खाली. घरात माणूस असो नसो, दिवा हिरवा. आणि किमचीचा फ्रिज तर आपल्यात घरचं माणूस गेलं तरी कुणी बंद करत नाही. त्यावर त्यानं आणखी एक केलं. फोनमध्ये सत्तावीसची ‘संपर्क तुटला’ ही सूचनाही बंद केली. म्हणजे दोन्हीकडून कान झाकले. मी त्याला दोष देत नाही… देतो. थोडा देतो.

म्हातारी मागे उभी राहून बघत होती.

“इथं कशाला लावलास?”

“इथं टिकेल, आजी. पडायचा नाही.”

“मग तू येणार कधी?”

“बोलवाल तेव्हा!”

“कसं बोलावू?”

“अहो, फोन आहे ना घरात.”

“फोनवर काय बोलायचं असतं माणसानं,” म्हातारी म्हणाली आणि रताळी आणायला वळली. तो थांबला नाही. पाहुणे खोळंबले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत प्यो हे-रिमबाई, म्हणजे तो पडदा सांभाळणाऱ्या बाई, खूश. सत्तावीस एकदाचा सुधारला म्हणाल्या. हा म्हणणार होता, बाई, मी असं असं केलंय. उद्या सांगू म्हणाला. उद्याचा परवा झाला. पाच आठवडे गेले.

आता रात्र नीट लक्षात ठेवा. डिसेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार. रविवारी दुपारपासून बर्फ पडत होतं, ते बुधवारी पहाटे थांबलेलं. म्योंग-बे अकरा नंबरच्या म्हाताऱ्याचा प्लग बदलून परत निघाला होता. काम सरळ झालेलं, म्हाताऱ्यानं वाटीभर चेस्टनट दिलेले, ते सोलून खात गाडी चालवत होता. फाट्यावर आला. डावीकडे त्याचं घर, उजवीकडे नुरुपगोल. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं.

घंटा वाजली.

गाडी कडेला घेऊन त्यानं फोन पाहिला. सत्तावीस. ‘चोवीस तास वापर नाही.’

त्याला आधी रागच आला. फ्रिजला लावलाय, वापर नाही म्हणजे काय? म्हातारीनं तिथूनही काढला वाटतं. पण काढला असता तर संपर्क तुटला असता, आणि ती सूचना तर त्यानंच बंद केलेली. मग ही कुठली? त्यानं हे-रिमबाईंना घरी फोन लावला.

“बाई, तुमच्या फोनवर बघता का जरा, सत्तावीस लाल आहे?”

“सत्तावीस? थांबा हं… नाही हो. हिरवा आहे. महिनाभर हिरवाच आहे. काय जादू केलीत तुम्ही?”

“नाही… काही नाही. चुकून वाजली असेल.”

“चुकून वाजणार नाही तर काय! ती कंपनीच चुकून चालू आहे,” बाई हसल्या. “घरी जा. रस्ते घसरडे झालेत.”

मग त्यानं म्हातारीच्या घरी फोन लावला. वाजत राहिला. नऊ वाजता झोपत असेल, तो म्हणाला. सूचना पुसली आणि गाडी डावीकडे वळवली.

पुन्हा घंटा. सत्तावीस.

पुसली. शंभर पावलं गेला असेल. पुन्हा.

त्यानं गाडी उलटी फिरवली.

वर पोचायला अर्धा तास लागला. गावात एक कुत्रं नाही भुंकलं. शेवटच्या वळणावरून म्हातारीच्या घराचा दिवा दिसला, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. जागी आहे! बाहेरच्या खोलीची खिडकी, पिवळा उजेड. तो मनात शिव्या तयार करायला लागला. फाटकाशी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं.

दिवा गेला.

ठीक आहे. गाडीचा आवाज ऐकून मालवला असेल. थट्टा करते म्हातारी.

उतरला. अंगणात गुडघाभर बर्फ. फाटकापासून दारापर्यंत सगळं कोरं. एक पाऊल नाही. म्हणजे बर्फ थांबल्यापासून म्हातारी बाहेरच पडलेली नाही… बरंच आहे, तो म्हणाला. या थंडीत कशाला पडेल.

दाराशी उभा राहून हाक मारली. “आजी! वायरमन आलाय!”

काही नाही.

“आजी!”

“बर्फ झटकून ये आत.”

आवाज मागच्या बाजूनं आला. स्वयंपाकघरातून. तोच आवाज, दमलेला जरासा. म्योंग-बे हसला. खरंच हसला तो, मला त्यानं स्वतः सांगितलंय. पायरीवर दोन्ही बूट आपटून बर्फ झटकलं, बूट काढले, दार सरकवलं.

आत अंधार. खटका दाबला, दिवा लागला. खोलीत कुणी नाही. खाली फरशीवर पाऊल टाकलं आणि मोज्यातून गारठा नडगीपर्यंत चढला. जमीन थंड. पार थंड. खालून जमीन तापवणारा बॉयलर बंद. कोपऱ्यात पाण्याचं भांडं होतं, त्यातलं पाणी गोठून वर आलेलं.

“आजी, बॉयलर कधी बंद पडला? अशा गारठ्यात कशा राहिलात?”

…

“फोन करायचा नाही का?”

फोन समोरच होता. चार्जरवर, टीव्हीशेजारी.

“आजी?”

…

“आत्ता बोललात ना. आजी…”

स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं होतं. त्यानं ढकललं. ते अडलं. पायाशी काहीतरी होतं.

खाली बघू नये असं वाटलं त्याला. बघितलं.

म्हातारी फ्रिजपुढे पालथी पडली होती. हात पुढे. अंगावर दंव. चुलीपासून फ्रिजपर्यंत फरशीवर सरपटत गेल्याचा पट्टा, परातीतून सांडलेल्या पिठात. एक चप्पल मागेच राहिलेली. फ्रिज मुका.

आणि मुठीत प्लग.

भिंतीतून उपटलेला. बोटं अशी आवळलेली की नंतर दवाखान्यातही सुटली नाहीत.

म्योंग-बे तिथंच खाली बसला. तेव्हा त्याला कळलं. सहा वेळा प्लग पडला नव्हता. सहा वेळा तिनं काढला होता. प्लग काढला की वायरमन येतो, एवढंच तिला त्या यंत्रातलं ठाऊक होतं. ती तिची घंटा होती. पडून मोडलेल्या खुब्यानं ती फोनकडे नाही गेली, फोन बाहेरच्या खोलीत. ती फ्रिजकडे गेली. घंटा ओढली. आणि वाट बघत पडून राहिली.

घंटेची दोरी यानं कापलेली.

डॉक्टर म्हणाला, रविवारी संध्याकाळी पडली असेल, सोमवार रात्रीपर्यंत जीव होता. सोमवार रात्रीपर्यंत! पुरा एक दिवस, पोरांनो. कंपनी म्हणाली, संपर्क तुटल्यावर पडदा शेवटचा रंग धरून बसतो, हा दोष आम्हाला माहीत आहे, दुरुस्ती चालू आहे. म्हणून चार दिवस हिरवा. आणि गुरुवारची नऊ वाजून दहा मिनिटांची सूचना? ती आमच्याकडून गेलीच नाही, म्हणाली. फोन तपासला. फोनमध्येही नव्हती.

हे सगळं कागदावर आहे. हवालदारानं लिहून घेतलं. ‘बर्फ झटकून ये’ हे मात्र म्योंग-बे सांगायला लागला तेव्हा हवालदारानं पेन खाली ठेवलं.

त्या रात्री बर्फ काढायचा ट्रॅक्टर माझाच होता. हवालदाराला बसवून वर मीच घेऊन गेलो. अकरा वाजले असतील. म्योंग-बे बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता, नुसता कापत होता. हवालदार म्हणाला, याच्या अंगावर काहीतरी घाला. जमिनीवर, पूर्वी जिथं जमिनीखालून चुलीची ऊब यायची त्या टोकाला, एक जाड रजई पसरून ठेवलेली. मी ती उचलायला गेलो.

खाली काहीतरी होतं.

तुम्ही विजेच्या कुकरवर वाढलेली पोरं, तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्या लहानपणी घरातलं कुणी उशिरा येणार असलं, की आई त्याच्या वाटणीचा भात पितळी भांड्यात भरायची, झाकण लावायची आणि उबेच्या टोकाला रजईखाली ठेवायची. कितीही उशीर होवो. येणाऱ्याला गरम मिळावा म्हणून.

तसंच भांडं. शेजारी चमचा. एकाच माणसाचं.

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. पायाखालची फरशी मघापासून बधिर करत होती. घरात चार दिवस विस्तव नव्हता. कोपऱ्यात पाण्याचं बर्फ झालेलं.

मी झाकणाला हात लावला आणि मागे घेतला. चटका बसला.

मग मफलरनं धरून उचललं.

वाफ आली.