मांडलेला पाट

रावजी घरात तारा ओढत होता, तेव्हा यमुनाबाई ओटीवर कडवे वाल सोलत बसल्या होत्या आणि त्याला एका शब्दाने काही विचारत नव्हत्या. चौऱ्याऐंशी सालचा चैत्र होता. पावसला घरोघर आंब्याची उतरण चाललेली, पेंढ्याचा वास आणि खोक्यांना खिळे ठोकल्याचे आवाज. रावजी बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. शिमग्याच्या सुमारास आई घेरी येऊन मागीलदारी पडली आणि ते कुणाला कळलं तर पार दिवेलागणीला. तेव्हापासून त्याने धोशा लावला होता, डोंबिवलीला चल.

"तिसऱ्या मजल्यावर मी काय करू? गॅलरीत उभी राहून लोकांचे कपडे वाळताना बघू?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

शेवटी तडजोड निघाली ती अशी. घरात तीन ठिकाणी तो बटणं बसवणार. खाटेवर गादीखाली एक, स्टोव्हपुढल्या काथ्याच्या पायपुसण्याखाली एक आणि माजघरात जेवायच्या पाटाखाली एक. माणसाचं वजन पडलं की बटण दबेल आणि तार मधल्या दगडी गडग्यावरून शेजारच्या गोदूबाईच्या पडवीत जाऊन तिथल्या फळीवरचा दिवा पेटवेल. खाटेचा हिरवा, स्टोव्हचा पिवळा, पाटाचा लाल. वीज गेली तरी अडू नये म्हणून बॅटरी. सकाळी पिवळा किंवा दुपारी लाल लागला नाही, की गोदूबाईने येऊन बघायचं.

"आणि न्हाणीत?" यमुनाबाईंनी विचारलं. "म्हातारी माणसं न्हाणीतच पडतात. दवाखान्यात नर्स होते तेव्हा जन्मभर तेच बघितलं."

"न्हाणीत पाणी असतं, आई. पाण्यात तार नको."

गोदूबाई ही त्यांची धाकटी जाऊ. दोघी विधवा, मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा सासूच्या जात्याचीसुद्धा वाटणी झाली होती. खालची तळी यमुनाबाईंकडे आली, वरची गोदूबाईकडे गेली. त्यानंतर त्या जात्यावर कुणी मूठभर तांदूळ दळला नाही आणि दोघी एकमेकींशी थेट बोलल्या नाहीत. गोदूबाई आपल्या कोंबडीशी बोले, यमुनाबाई आपल्या तुळशीशी बोलत. ऐकू दोघींना जाई.

पण हाकेच्या अंतरावर दुसरं घर नव्हतं. रावजीने विचारलं तेव्हा गोदूबाई गोड हसली. "बघीन की. दिव्याकडे बघायला काय जातंय माझं?" तिच्या मुलाला, बाबूला, आंबा भरायला शेड हवी होती आणि यमुनाबाईंचं अंगण त्याच्या कधीचं नजरेत भरलं होतं. थोरली डोंबिवलीला गेली की अंगण कुणाकडे जाईल, हे दोन्ही घरांना पाठ होतं.

पाटावरून मात्र मायलेकांची जुंपली. रावजीने जमिनीत चौकट पुरली, तिच्यात स्प्रिंगा बसवल्या आणि वडिलांचा फणसाच्या लाकडाचा पाट पट्ट्या आणि स्क्रू मारून वर जखडून टाकला.

"जेवण झाल्यावर उचलायचा कसा?"

"उचलायचा नाही. तिथेच राहील."

"रिकामा पाट मांडून ठेवू नये रे. भिंतीला उभा करून ठेवायचा."

"का?"

का ते यमुनाबाईंना सांगता येईना. आईने सांगितलं, सासूने सांगितलं, कारण दोघींनीही सांगितलं नव्हतं. "मांडलेल्या पाटावर कुणीतरी येऊन बसतं," त्या शेवटी म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या. दवाखान्यात त्यांनी एकटीने मढी पुसली होती. असल्या गोष्टी बोलणाऱ्या बायकांना त्याच दटावत.

"मांजर बसेल फार तर," रावजी म्हणाला. "मांजराला दिवा लागणार नाही, ते मी बघितलंय."

खरं तर पहिल्यांदा यमुनाबाई बसल्या तरी दिवा लागला नाही, इतक्या त्या वाळल्या होत्या. रावजीने स्प्रिंगा आणखी ढिल्या केल्या. निघताना तो म्हणाला, "गणपतीला येतोय. तोवर दिवे नीट लागले तर डोंबिवलीचं नाव काढणार नाही. एकदा जरी चुकले, तर सामान बांधायचं."

पहिले काही आठवडे गोदूबाईने मिळालेल्या दिव्यांचा पुरेपूर उपयोग करून घेतला. "काय गो कोंबडे, उन्हं डोक्यावर आली आणि काही लोकांचा चहा आत्ता होतोय." यमुनाबाई तुळशीला पाणी घालत म्हणत, "तुळशीबाई, रिकामं बसलं की असे डोळे फुटतात हो." मग पलीकडून सून मालन हसल्याचा आवाज येई आणि सासूने तिला झापल्याचा.

वैशाखात एके दिवशी गोदूबाई म्हणाली, "कोंबडे, तू बरी, एकदा टिपलंस की झालं. हल्ली माणसांना दोनदोनदा जेवायला लागतं. आणि जेवलेलं आठवतं की नाय, देव जाणे."

यमुनाबाई त्या दिवशी एकदाच जेवल्या होत्या. त्या मनात म्हणाल्या, हे आता नवीन काढलंन. म्हातारीला भ्रम झालाय म्हणून रावजीच्या कानात भरणार. त्यांनी तुळशीला काही सांगितलं नाही. दुपारी आडव्या झाल्या, डोळा लागेना, म्हणून पाणी प्यायला माजघरात आल्या. माजघराला खिडकी नव्हती. बाहेर रणरण असली तरी तिथली जमीन गार असे. अंधारात त्यांचा पाय पाटाला लागला.

पाट ऊन होता.

त्यांनी वाकून तळवा टेकवला. दवाखान्यात खाटेवरून रोगी उठवला की चादर बदलताना हाताला लागे, तसली ती ऊब होती. मधोमध जास्त, कडेला कमी. त्या उभ्या होत्या तेवढ्यात ती निवलीही.

स्प्रिंगा घासत असतील, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मात्र विळीच्या टोकाने स्क्रू काढायला बसल्या. टोक मोडलं, स्क्रू हलला नाही. तार तोडणं सोपं होतं. पण तार तुटली की लाल बंद, आणि लाल बंद की डोंबिवली. त्यांनी विळी जागेवर ठेवली.

त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरातच उभ्याने चार घास खाऊ लागल्या. पलीकडून तक्रार आली नाही. लाल रोजच्या रोज लागत असावा.

ज्येष्ठात त्यांना ताप भरला. गादी पोळायला लागली म्हणून त्या जमिनीवर चटईवर पडल्या आणि पूर्ण दिवस तिथून उठवलं नाही. उन्हं उतरेपर्यंत त्या गडग्याकडे कान लावून होत्या, आता गोदू येईल आणि तिला निमित्त मिळेल. कुणी आलं नाही. उलट ऐकू आलं, "आज वेळेवर जेवली हो थोरली. कोंबडे, सुधारली."

तापलेल्या अंगाने पडल्या पडल्या यमुनाबाईंना सुटल्यासारखं वाटलं. दाराआडच्या माजघराकडे बघून त्या हलकेच म्हणाल्या, "बरं केलंस बाई. सांभाळून घेतलंस."

म्हटल्यावर त्यांनाच कळलं की आपण कुणाशी तरी बोललो. आणि ते कुणीतरी बाई आहे असं आपण धरून चाललो होतो.

पाटाखालची स्प्रिंग करकरली, कुणी मांडी बदलून नीट ऐसपैस बसावं तशी.

मग घरातल्या वस्तू त्यांच्याशी वाकड्यात शिरल्या. दुपारी झोपून उठल्या की चहाची कपबशी ओली सापडे. चष्मा ठेवल्या जागी नसे. लुगडी घडी करून ठेवलेली असत, अगदी त्यांच्याच पद्धतीने, पण दांडीवर वर, हात पोचू नये अशा जागी. एकदा अंगणातून आत येताना दार आतून लोटलेलं होतं. नुसतं लोटलेलं, कडी नव्हती, तरी ढकलताना पलीकडून कुणी खांदा लावून असल्यासारखं जड गेलं. आपल्याच घरात त्या परक्यासारख्या खोकून आत जाऊ लागल्या.

आषाढात पावसाची उघडीप होती. यमुनाबाई विहिरीवर कळशी भरत होत्या. गडग्यापाशी गोदूबाई येऊन उभी राहिली. कोंबडी जवळ नव्हती.

"वहिनी," ती म्हणाली.

इतक्या वर्षांनी हाक कानावर पडली, तशी रहाटावरचा दोर यमुनाबाईंच्या हातून सरकला.

"वहिनी, तुम्ही इथं आहात. मी मघापासून बघत्ये. आणि माझ्याकडे पिवळा लागलाय." तिचा चेहरा उतरला होता. "लाल लागला, विझला, आता पिवळा. घरात कोण आहे?"

सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण तेवढ्यात गडग्याच्या अलीकडे बाबू पायांनी त्यांचं अंगण मोजत फिरताना दिसला. गणपती महिन्यावर आले होते.

"कोण असणार? स्प्रिंग आहे ती, ओलीने दबते," यमुनाबाई म्हणाल्या. "आणि गोदे, तुझा डोळा दिव्यांवर नाय, माझ्या घरावर आहे. मी वेडी झाले असं रावजीला सांगायचंय ना तुला?"

गोदूबाईने पदर कमरेला खोचला.

"बरं," ती म्हणाली. "चुकलं माझं. आता दिवा लागतोय तोवर थोरली जिवंत आहे, एवढं मी समजेन. तुमच्या उंबऱ्यात पाऊल टाकायची नाय. दिवा गेला तरच येईन."

श्रावणातल्या एका सकाळी यमुनाबाई चहाच्या आधी न्हाणीत गेल्या. दगडावर शेवाळ होतं. पाय गेला आणि त्या कुशीवर आपटल्या. जन्माच्या सवयीने त्यांनी आधी काय मोडलं ते ठरवलं. खुबा. उठणं शक्य नव्हतं. ओरडायला गेल्या तर छातीतून नुसता वारा आला. पागोळ्या पत्र्यावर वाजत होत्या.

पण त्या घाबरल्या नाहीत. चहा झालेला नव्हता. पिवळा लागलेला नव्हता. गोदू बोलली म्हणजे येणार. डोंबिवली तर डोंबिवली. पहिल्यांदाच त्यांना त्या तारांचा आधार वाटला. न्हाणीची भिंत माजघराला लागून होती, वर झरोका होता आणि त्यातून पलीकडच्या पडवीतलं बोलणं नेहमीच ऐकू येई. त्या कान देऊन पडून राहिल्या.

स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

दोन आखूड, एक लांब. त्या स्वतः मारत तसाच.

"पिवळा लागला गो," पलीकडून गोदूबाईचा आवाज आला. "उठली."

यमुनाबाईंनी भिंतीवर तांब्या आपटला, तसा तो हातून निसटून दाराकडे घरंगळला. पंप थांबला. मग आतून कुणीतरी न्हाणीच्या दाराशी आलं. दाराखालच्या फटीतला उजेड अडला. बाहेरच्या बाजूने कडी हळूच सरकली.

चहाचा वास आला.

ऊन झरोक्यातून भिंतीवर उतरत गेलं. त्यांना मधेच गुंगी येई, मधेच शुद्ध. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. भात शिजल्याचा वास. ताट जमिनीवर टेकलं. भिंतीपलीकडे, त्यांच्या डोक्यापासून हातभरावर, पाट करकरला. पूर्वीपेक्षा जड.

"सासूबाई, काकी आज मागीलदारी दिसल्या नाहीत," मालन म्हणत होती. "बघून येऊ का?"

यमुनाबाईंनी श्वास धरला.

"काय बघायचंय? लाल लागलाय तो बघ. जेवत्येय सुखाने. गेलीस तर म्हणेल घर बळकावायला आल्या."

"तुळशीला पाणी घातलेलं नाय आज."

कोंबडी कुरकुरली. गोदूबाई उठल्याचं तिच्या बांगड्यांवरून कळलं. तिची पावलं गडग्यापर्यंत आली आणि थांबली.

"वहिनी," गोदूबाईने हाक दिली. "जेवलात का?"

यमुनाबाईंनी तोंड उघडलं. माजघरात कुणीतरी, त्यांच्याच बसक्या गळ्याने, खाकरलं.

गोदूबाईची पावलं परत गेली.

भिंतीपलीकडे ताट उचललं गेलं. हात धुतल्याचं पाणी पडलं. खाटेवर कुणी टेकलं, एक पाय वर घेतला, मग दुसरा.

"हिरवा," पलीकडून मालन म्हणाली. "निजल्या."

पण खाट पुन्हा वाजली. काहीतरी करायचं राहून गेल्यासारखी पावलं माजघरात परतली. लाकडातून स्क्रू निघू लागले. सावकाश, एकामागून एक, आणि प्रत्येक जमिनीवर पडून थोडा गडगडला. मग पाट उचलला गेला, पदराने पुसला गेला आणि यमुनाबाईंच्या उशाच्या भिंतीला नीट उभा करून ठेवला गेला, आणखी कुणी येऊन बसू नये म्हणून, जेवणारं आता घरात दुसरं कुणी उरलं नसलं की ठेवतात तसा.