काळीच्या मागची रिकामी खाच

"तुम्ही दोघं भांडत बसा. मी तोवर म्हातारी होते," ताई म्हणाली आणि पंख्याखाली खुर्ची ओढून बसली.

भांडण तीन दिवसांचं होतं. एका बाजूला तिचा भाऊ आकड्या, दुसऱ्या बाजूला शेजारचा रंग्या. आकड्याला कुठलीही वस्तू मोजल्याशिवाय चैन पडत नसे. रंग्या चित्रं काढायचा आणि डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानायचा. वाद होता वाचनालयात, मुलांच्या खोलीतल्या दोन जुन्या गेम कन्सोलांवरून. एक काळा, परवाच्या आवराआवरीत माळ्यावरून काढलेला, आणि एक पांढरा, पहिल्यापासूनचा. मुलं त्यांना काळी आणि पांढरीच म्हणत.

"काळीची मेमरी सोळा एमबी, पांढरीची दोन. आठपट," आकड्याने वही आपटली. "प्रोसेसर तर कितीतरी वेगवान. यात बोलायचं काय उरलं?"

"पडद्यावर बघ म्हणजे कळेल," रंग्या म्हणाला. "काळीवरचं गवत बघ, चित्रावर कुणीतरी पाणी सांडल्यासारखं. लाल गाडीचा रंग कडेने ओघळतोय. पांढरी जुनी असून स्वच्छ दिसते. तुझी मेमरी घेऊन काय चाटायची आहे?"

वाद नुसत्या फुशारकीचा असता तर ताईने दोघांना केव्हाच घरी हाकललं असतं. पण वाचनालयाचा कारभार बघणाऱ्या कार्यवाह काकांनी फळ्यावर सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं, की खोलीत जागा कमी असल्याने एकच यंत्र राहील. शनिवारी दहा वाजता ते स्वतः दोन्ही यंत्रं चालवून बघणार. ज्याचं चित्र खराब, ते रद्दीवाल्याच्या गाडीवर.

आज शनिवार होता. नऊ वाजून गेले होते.

आणि कोपऱ्यात शेपूट दोरीच्या उड्या मारत होती. ती ताईची मावसबहीण, दहा वर्षांची, सुट्टीपुरती आलेली. सदा सगळ्यांच्या मागे, म्हणून शेपूट. पांढरीला कंट्रोलर लावायच्या जागा दोनच होत्या. तिघं मोठी आळीपाळीने खेळत आणि शेपटाचा नंबर येईतो खोली बंद व्हायची वेळ होई. तिच्याकडे एकच काम असे, शर्यतीच्या फेऱ्या मोजायचं. काळीला मात्र चार जागा होत्या.

"काळी गेली की मी परत मोजायला," ती उड्या न थांबवता म्हणाली. ते खरंच होतं.

"पुरे," ताई उठली. "तू आकडे सांगतोस, तो रंग सांगतो, आणि दोघंही वेगवेगळे खेळ लावून तुलना करताय. याला काही अर्थ आहे का? शर्यतीचा तो एकच खेळ दोन्हींसाठी आहे. एकाच पुलावर दोन्ही गाड्या उभ्या करा."

आधी पांढरी लावली. गाडी पुलावर थांबवली. पुलाचा सरळ कठडा गाडी हलली की थरथरत होता. पलीकडची झाडं अगदी जवळ गेल्यावर एकदम उगवत होती. सहा गाड्या एकत्र आल्या आणि चित्र अडखळलं.

मग काळी. कठडा सरळ. जंगल थेट डोंगरापर्यंत दिसत होतं. सहा काय, दहा गाड्या आल्या तरी अडखळणं नाही. पण सगळं ओल्या काचेतून बघावं तसं.

रंग्या पडद्याजवळ सरकला. "झाडं जास्त आहेत," त्याने कबूल केलं. "नुसती पुसट आहेत."

"म्हणजे ताकद आहे," आकड्या पेन्सिल चावत म्हणाला. "मग ती जाते कुठे?"

"वाटेत," शेपूट म्हणाली.

"कुठल्या वाटेत?"

"यंत्रातून पडद्याकडे जायच्या. अजून कुठल्या?"

चौघांनी मेज पुढे ओढलं. पांढरीच्या मागून लाल, हिरव्या आणि निळ्या टोकांची वायर निघाली होती. काळीच्या मागे मात्र एकच बारीक पिवळी वायर, आणि तिच्यावर कार्यवाह काकांच्या अक्षरातलं लेबल: 'डीव्हीडी प्लेअर, सभागृह'.

"ही हिची वायरच नाही," ताई म्हणाली.

शेपटाने वाकून बोट दाखवलं. काळीच्या पाठीवर बोटभर धूळ होती. फक्त एका रुंद चपट्या खाचेभोवती धुळीचा कण नव्हता. "इथे काहीतरी होतं. परवापरवापर्यंत."

काका कार्यालयात नवी लेबलं कापत बसले होते.

"काका, काळीची जाड वायर कुठे आहे?"

"चित्र येतंय ना? मग झालं. वायर ती वायर."

"तसं नाही ना, काका," आकड्या कळवळून म्हणाला. "बारीक वायरीत सगळे रंग एकत्र कोंबून जातात. जाड वायरीत प्रत्येकाला वेगळी तार असते. म्हणून तर..."

"बाळ, मी या संस्थेत बावीस वर्षं आहे."

"हो, पण वायर..."

"बावीस वर्षांत एक टाचणी इकडची तिकडे झालेली नाही. जा बरं, मला दहाची तयारी करायची आहे."

बाहेर येऊन आकड्याने भिंतीवर डोकं टेकवलं. "मी भिंतीशीच बोलतो. ती निदान लेबलं तरी कापत नाही."

शेजारच्या खोलीत ग्रंथपालबाई पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "त्यांनी परवा आवराआवर काढली होती," त्या हळूच म्हणाल्या. "मधेच सुतळी संपली. तरी रद्दीचा शेवटचा गठ्ठा बांधून मोकळे झाले. कशाने बांधला, देव जाणे."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मागच्या दाराकडे धूम ठोकली.

रद्दीवाल्याची गाडी जवळजवळ भरली होती. सुतळीचे गठ्ठे एकावर एक चढले होते आणि सगळ्यांत वर, राखाडी जाड वायरीने आवळून, टोकाला चक्क फुलगाठ मारून, वर्षभराची वर्तमानपत्रं बसली होती.

"फुलगाठ," रंग्या पुटपुटला. "यांनी तिची फुलगाठ मारली."

"मामा, तेवढी वायर सोडून द्या ना," ताई म्हणाली.

"सुटी रद्दी मी नेत नाही," रद्दीवाला म्हणाला. "चौकापर्यंत जाईतो निम्मी उडते, मग लोक माझ्यावर ओरडतात. दुसरी दोरी आणा, मग सोडा."

दोरी. सुतळी तर संपलेली. ताईने इकडेतिकडे पाहिलं, आकड्याने पट्टा काढून बघितला, तो अर्ध्या गठ्ठ्यालाही पुरेना. घड्याळात दहाला सहा मिनिटं कमी होती.

शेपटाने गळ्यातली उड्यांची दोरी काढली. लाकडी मुठींवर तिने स्वतः रंगाचे पट्टे काढले होते. "ही परत येईल?"

"नाही गं. गठ्ठ्याबरोबर जाईल," ताई म्हणाली.

शेपटाने क्षणभर मुठींवरून अंगठा फिरवला आणि दोरी रद्दीवाल्याच्या हातात दिली. "घट्ट बांधा," ती म्हणाली.

दहाला काका आणि ग्रंथपालबाई खोलीत आले, तेव्हा दोन्ही यंत्रांवर मेजावरचं कापड अंथरलेलं होतं.

"हे काय नवीन?"

"काका, तुमची नजर पक्की आहे," ताई अगदी साळसूदपणे म्हणाली. "यंत्रं न बघता, नुसता पडदा बघून सांगा कुठलं ठेवायचं."

काका खूश झाले. खुर्चीत ताठ बसले. पहिल्या चित्रात कठडा थरथरला, झाडं उगवली. दुसऱ्यात गवताची पात न् पात दिसत होती आणि लाल गाडी नुकती धुतल्यासारखी चमकत होती.

"हे दुसरं. ही पांढरी," काकांनी निर्णय दिला. "त्या काळीला असं कुठलं जमायला."

शेपटाने कापड उचललं. पडद्याला जोडलेली होती ती काळी, राखाडी वायरीने.

काकांनी वाकून ती वायर हातात घेतली. फुलगाठीचा वळ तिच्यावर अजून होता.

"ही दोरी नव्हती तर," ते म्हणाले.

"नव्हती, काका."

"मी म्हटलं, किती मजबूत आहे." त्यांनी चष्मा पुसला. "बावीस वर्षं म्हणजे काही फार नाहीत म्हणायची. पोरांनो, तुम्ही डोकं चालवलंत. मी नुसतीच लेबलं लावली."

"आणि ऐकून घेतलं नाहीत," ग्रंथपालबाई तितक्याच हळू आवाजात म्हणाल्या. "मुलांनी मात्र शहानिशा केल्याशिवाय तोंड उघडलं नाही. शाबास रे."

"पांढरीचं काय?" रंग्याने विचारलं. "तिचं संगीत काळीपेक्षा छान आहे. खरं ते खरं." आकड्याने त्याच्याकडे आश्चर्याने पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं.

"रद्दीवाला तर गेला," काका म्हणाले. "राहू दे तिलाही. माझ्या लेबलांचं कपाट हलवू." त्यांनी खिशातून कागद काढला, सुबक अक्षरात लिहिलं, 'काळीची वायर. हिने काहीही बांधू नये', आणि जागच्या जागी चिकटवला.

मग काळीचे चारही कंट्रोलर लावले. ताईने एक घेतला, आकड्याने एक, रंग्याने एक. चौथा काकांनी उचलला आणि आरामात मांडी घातली. "तपासून बघायला हवं," ते म्हणाले. "हे कुठलं बटण?"

तिघांनी एकदम सुस्कारा सोडला. शेपूट मागे उभी होती, गळ्यात दोरी नसल्याने हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

"काका," ताई म्हणाली, "ती शेपटाची जागा आहे."

काकांनी मागे वळून पाहिलं. मग निमूट सरकले आणि कंट्रोलर तिच्या हातात दिला. "बरं. पण मग मी काय करू?"

शेपूट पुढे येऊन बसली. तिने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"तुम्ही फेऱ्या मोजा."