हजार मीटरच्या वर सगळे 'तू'

ये, शेगडीजवळ सरक. उद्या पहिल्यांदाच पायांनी वर जाणार म्हणतोस? मग मला 'तू'च म्हण. या घरात मी सगळ्यांना तेवढंच सांगते.

आमच्या टिरोलच्या डोंगरांत रीतच आहे. हजार मीटरच्या वर गेलं की डॉक्टर असो नाहीतर पाद्री, सगळे एकमेकांना 'तू'. अहो-जाहो खाली दरीत. पण मी वर्षानुवर्षं स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खिडकीत तिकिटं विकलेली बाई, 'तुम्ही' माझ्या जिभेवर बसलेलं. स्की करायचे तीही तुझ्यासारखीच, लिफ्टने वर जायचं आणि यंत्राने गुळगुळीत केलेल्या उतारावरून खाली यायचं. धाकटा भाऊ कासियान मला लिफ्टची राणी म्हणायचा. आई-वडील गेल्यावर आम्ही दोघंच उरलो होतो एकमेकांना.

"राणीसाहेब, एकदा चढून तर बघ," तो म्हणायचा. "पुन्हा लिफ्टकडे ढुंकून बघणार नाहीस."

एका फेब्रुवारीत गेले एकदाची. जंगलाच्या कडेला गाडी लावली. स्कीच्या तळाला लव असलेली एक पट्टी चिकटवतात, आम्ही तिला कातडं म्हणतो. पुढे सरकतं, मागे घसरू देत नाही. टाच मोकळी असते, सवय नव्हती, त्यामुळे सुरुवातीला मी बदकासारखीच चालले.

"पाय उचलू नकोस, सरकव गं!" कासियान ओरडला. "द्राक्षं तुडवतेयस का?"

आणि मग जमलं! लिफ्टची घरघर नाही, गर्दी नाही. नुसतं सर्र... सर्र... आणि आपलाच श्वास. गारठ्याला झाडांच्या चिकाचा वास. फांदीवरचा बर्फ सटकून मानेत पडला, तरी मी खिदळतच राहिले. इतकी वर्षं मी खाली बसून काय करत होते, असं झालं मला.

झाडं संपली तिथे आम्ही पाव आणि धुरावलेलं मांस खाल्लं.

"आता वर कुणी 'तुम्ही' म्हणालं, तर तोंड उघडू नकोस," कासियान चघळत म्हणाला.

"का रे?"

"जुने वाटाडे गिऱ्हाइकाला 'तुम्ही' म्हणायचे. त्यातला एक मेल्यावरही गिऱ्हाईक शोधतोय म्हणे. उत्तर दिलंस की झालीस त्याची." त्याने डोळा मारला. "गावातले म्हातारे सांगतात बुवा."

मी हसून त्याच्यावर बर्फ फेकला.

खिंडीजवळ धुकं आलं. बघता बघता स्कीची टोकं दिसेनाशी झाली. आम्ही थांबलो. पण सर्र... सर्र... चालूच होतं.

ओल्या लोकरीचा आणि विझलेल्या तंबाखूचा वास आला. समोर एक माणूस उभा होता. आमच्यासारख्या दोन काठ्या नाहीत, हातात एकच, डोक्याहून उंच, जुने वाटाडे वापरायचे तशी.

"बाई... तुम्ही पहिल्यांदाच वर येताय वाटतं?"

इतक्या अदबीने विचारलं की खिडकीतल्या सवयीने 'हो' अगदी ओठांवर आलं. पण कासियानचं तोंड नेहमीच माझ्या पुढे.

"हिला काय विचारता? ही लिफ्टची राणी," तो हसत म्हणाला. "मी आहे ना तुमचं गिऱ्हाईक!"

तो हसत होता, पण माझी बाही त्याने घट्ट धरली होती.

"बरं," माणूस म्हणाला. "मग चला..."

धुकं दाटलं आणि तो दिसेनासा झाला.

"कातडं काढ," कासियान हळूच म्हणाला. "डावीकडून उतर. मागे बघू नकोस... मी येतोच."

मी निघाले. थोड्याच वेळात धुक्याखाली आले आणि ऊन लागलं! कुणाची रेघ न उमटलेला, गुडघाभर मऊ बर्फ. वळले की तो छातीवर उडायचा. भीती कुठल्या कुठे पळाली. पायथ्याशी थांबून मी वेड्यासारखी ओरडले, "कासियान, बघितलंस का!"

तो धुक्यातून बाहेर आला. दोन्ही काठ्या एकत्र धरलेल्या, दोन्ही हातांनी, एकाच काठीसारख्या एका बाजूला टेकवत, गुडघा वाकवून. धुक्यातल्या त्या माणसाची नक्कल करतोय असं वाटून मी टाळ्या पिटल्या. तो जवळ येऊन थांबला. तेच लाल गाल, तीच खोडकर भुवई.

"पुरे नाटकं! कशी उतरले मी? सांग ना!"

त्याने टोपी काढली.

"छान उतरलात तुम्ही, बाई," तो म्हणाला.

तेव्हापासून तो माझ्याबरोबर राहतो. लाकडं फोडतो, दारातला बर्फ काढतो, वाकडा शब्द नाही. मी त्याच्याशी अजून एकदाही बोललेली नाही. लिफ्टने परत कधी गेले नाही. धुकं उतरलं की कातडं लावते आणि खिंडीत जाते. दिसत कुणी नाही. पण मी मुद्दाम पाय उचलून टाकला की अगदी जवळून ऐकू येतं, "सरकव गं... द्राक्षं तुडवतेयस का?" माझा भाऊ तिथे आहे, आणि त्याला खाली कसं आणायचं ते मला कळत नाही.

श्श... पायरीवर बूट झटकतोय. आत आला की तो तुझ्याकडे बघून टोपी काढेल आणि अदबीने विचारेल, "पाहुणे... तुम्ही पहिल्यांदाच वर जाताय वाटतं?"