एक जास्तीची टकटक

बस गं, अशी दिव्याजवळ बस. त्या कोपऱ्यातल्या काठीला मात्र हात लावू नकोस. असंच गं... सांगते.

सून माझी नर्स. पहाटे पाचला निघते, डोंगर उतरून पलीकडच्या दवाखान्यात जाते. थंडीत समोरच्या काचेवर वाफ धरते, म्हणून गाडीत हीटर लावावाच लागतो. आणि हीटर लावला की पायाशी टकटक सुरू. गाडी जुनीच घेतलेली, तेव्हा तीन आठवडे झाले असतील. त्या सोमवारी आवाज कुठून येतो बघायला ती जरा वाकली, आणि गाडी कठड्याला घासली. कठड्यापलीकडे दरी. घरी आली ती पांढरीफटक पडून.

आणि संशय कुणावर, तर माझ्यावर. माझी कीर्तीच तशी ना. आधीच्या गाडीत सीटखाली मी डबीत वाटाणे घालून ठेवले होते. लेक बिचारा चार दिवस गाडी खोलत होता. पण या वेळी शपथेवर सांगते, मी कशाला हात लावला नव्हता.

"आई, आत काय टाकलंत ते आत्ताच सांगा," सून म्हणाली.

"काही नाही गं."

"तुम्ही 'काही नाही' म्हणता ना, तेव्हाच मला धास्ती वाटते."

तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी गॅरेजला गेलो. तिथल्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गाडीला टेकवतो, मूठ कानाला लावतो नि डोळे मिटून ऐकतो. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून आधी शटर खाली ओढतो. आत अंधार, एक पिवळा बल्ब, जळक्या ऑइलचा वास. मला पुढच्या सीटवर बसवलं, हीटरचं बटण फिरवायला.

"आजी, एकवर घ्या... आता दोनवर... बंद करा. आता कोणी बोलू नका."

कोणी बोलू नका म्हटलं की माझी बोटं शिवशिवतात. मी अंगठीनं डॅशबोर्डखाली हळूच दोनदा वाजवलं. डॉक्टरची भुवई वर गेली. मी हसू दाबून बसले... तर आतून आलं, टक... टक... टक.

तीन. मी तर दोनच दिले होते.

मग मी तीन दिले. चार आले.

मला वाटलं, सूनच माझी फिरकी घेतेय. मान वळवून पाहिलं, तर ती लांब शटरपाशी, हात स्वेटरच्या खिशात.

"अगं, हे उत्तर देतंय..."

"आई, अंगठी काढा." ती आली, अंगठी घेतली आणि पर्समध्ये टाकली. शाळेतल्या पोरीसारखी माझी अंगठी जप्त.

डॉक्टरनं हीटरचा फॅन खोलून बाहेर काढला. आत एक सुकलेलं पान, देठ कडक. "हा घ्या ताई, चोर. फॅन फिरला की देठ पात्याला लागतो."

सुनेनं सुटकेचा निःश्वास टाकला. फॅन टेबलावर, इंजिन बंद, आणि माझ्या पायाशी फॅनच्या जागी नुसतं काळं भोक. मला राहवेना. नखानं एकदाच वाजवलं.

टक... टक. त्या भोकातून.

सून तरातरा आली आणि माझे दोन्ही हात घट्ट धरले. "आता वाजू दे बघू."

"डॉक्टर, तुम्ही वाजवा," मी म्हटलं.

त्यानं हसत हसत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चार ठोके दिले. पाच आले... सावकाश, मोजून दिल्यासारखे.

"पायानं वाजवलंत," सून म्हणाली.

"अगं, माझे गुडघे वळतात तरी का?"

डॉक्टर आता हसत नव्हता. "गरम लोखंड थंड होताना वाजतं, ताई," म्हणाला, पण भोकाकडे न बघता. फॅन इतक्या घाईनं बसवला की एक स्क्रू टेबलावरच राहिला.

दोघं हात धुवायला मागे गेली, आणि मी एकटी गाडीत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पान वाजायचं, आणि हे पानाला उत्तर द्यायचं. शेवटचा ठोका याला स्वतःचा लागतो. आता पान नाही. पण पहाटे डोंगरावर सुनेचं बोट चुकून कुठे लागलं तर? तिला सांगून ती मानायची नाही. जन्मभर लोकांना बनवलं, आता खरं कोण ऐकतंय?

मग मी माझ्या या काठीनं डॅशबोर्डवर एकच ठोका दिला. उत्तर यायच्या आत खाली उतरले नि दार लावून घेतलं. "उत्तर द्यायचंय ना? मग माझ्याकडे ये. तिच्या वाटेला जाऊ नकोस."

तेव्हापासून गाडी गप्प. सून सगळ्यांना पानाची गोष्ट सांगते. अंगठी अजून तिच्याच पर्समध्ये आहे, म्हणते, "आई, शिक्षा संपली की देईन."

त्याच संध्याकाळी काठी त्या कोपऱ्यात उभी होती. जवळ कोणी नाही. फरशीवर आलं, टक... टक. मी उत्तर दिलं नाही. मी, आणि गप्प बसले, बघ. तेव्हापासून या घरात मी भांडंसुद्धा कापडावर ठेवते.

हसतेस? हस. फक्त मघापासून टेबलावर बोटं वाजवतेयस ना, ते थांबव. तीनदा वाजवलंस, मी मोजलं.

...

नाही गं, मी नाही. हे बघ माझे दोन्ही हात, तुझ्यासमोर आहेत. आता तू किती मोजलेस, तेवढं हळू सांग.