हॅदर्लीला कोणी सोडलं

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकणाऱ्या आपल्या मुलांचं घर कसं असायचं हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. दोन खोल्या, जमिनीवर गाद्या, कोणीतरी डिग्री घेऊन जाताना मागे टाकलेला सोफा, आणि पडद्यांत मुरलेला फोडणीचा वास. श्रीरंग आगटे अशाच एका घरात प्रल्हाद डोर्लेबरोबर राहत होता. श्रीरंग सांगलीचा, धातुशास्त्राचं संशोधन करणारा. प्रल्हाद नागपूरचा, खाणींचा अभ्यास करणारा. प्रल्हाद उत्तम वरण करायचा आणि श्रीरंग भांडी घासायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

श्रीरंगचं एकच वेड प्रल्हादला कळत नसे. लायब्ररीच्या तळघरात रेकॉर्ड्‌स ऐकायची एक खोली होती. पहिल्या हिवाळ्यात, घरच्या आठवणीने जीव अगदी नकोसा झाला असताना, श्रीरंगने तिथे एक रेकॉर्ड केवळ वेष्टनावरच्या फोटोसाठी काढली होती. मासळीच्या धक्क्यावर लांब ओव्हरकोट घातलेला एक उंच, हडकुळा माणूस गिटार घेऊन उभा होता. आल्फ हॅदर्ली. इंग्लंडमधल्या हल बंदराचा. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं सोसण्याचं गाणं. ते हा मासळीबाजारात पेट्या उचलणारा इंग्रज असं गायचा की शेजारच्या खोलीत कोणीतरी स्वतःशीच बोलतंय असं वाटावं. त्याच्या दोनच रेकॉर्ड्‌स निघाल्या आणि दोन्ही खपल्या नाहीत. त्याच्याकडून शिकून गेलेल्यांनी पुढे स्टेडियमं भरवली. हा मात्र साठी उलटल्यावरही गिटार घेऊन बसने गावोगाव हिंडत होता.

असाच हिंडत तो त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत स्टेट कॉलेजला आला. एका चर्चच्या तळघरात कार्यक्रम होता. श्रीरंग आठवडाभर नोटीस बोर्डावरचा तो कागद रोज वाचत होता. त्या संध्याकाळी बर्फ पडायला लागला. बस मिळेल की नाही, परत कसं यायचं, असं करता करता तो लॅबमध्येच बसून राहिला. काम काही अडलं नव्हतं. पुढच्या गावी जाताना हॅदर्ली वाटेतच हृदय बंद पडून गेला, एवढी चार ओळींची बातमी नंतर छापून आली.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी, त्याच तळघरात, हॅदर्लीची आठवण म्हणून काही माणसं जमली. श्रीरंगही गेला. मधल्या उन्हाळ्यात त्याने गावी परतणाऱ्या एका मुलाकडून तपकिरी रंगाची जुनी डॉज गाडी विकत घेतली होती, त्यामुळे आता बसची सबब नव्हती. दहा-बारा जण होते. कॉफी होती, केक होता, कोपऱ्यात रेकॉर्ड लागली होती. एकेक जण उठून आपली आठवण सांगत होता. शेवटी मार्गी केसलर उठली. ती शाळेत संगीत शिकवायची, आणि मूळ कार्यक्रम तिनेच ठरवला होता.

"वीस माणसंसुद्धा नव्हती," ती म्हणाली. "मला त्याची इतकी लाज वाटत होती की मी मागे खुर्च्या आवरत बसले. तो कधी गेला ते कळलंच नाही. तो जेवला का, डोंगरापलीकडे ल्यूइसटाउनच्या रेल्वे स्टेशनवर कसा जाणार, काही विचारलं नाही मी. त्या बर्फात त्याला निरोप द्यायलाही कोणी नव्हतं."

ती रडायला लागली.

"मी होतो," श्रीरंग म्हणाला.

हे आपण का म्हणालो याचा त्याने नंतर पुष्कळ विचार केला. त्या बाईचं रडणं त्याला बघवलं नाही, हे खरंच. पण आपण तिथे नव्हतो हे त्या खोलीत बसून कबूल करणं त्याहून अवघड होतं, हेही तितकंच खरं. "मी त्याला माझ्या गाडीतून स्टेशनवर सोडलं. खूश होता. वाटेत गुणगुणत होता."

मार्गीने पुढे येऊन त्याचे दोन्ही हात धरले. "थँक यू," एवढंच ती म्हणाली. तिचा चेहरा असा सैलावला की श्रीरंगला वर मान करून बघवेना.

घरी जाताना त्याला वाटलं, एक खोटं बोललो, पण त्यात कोणाचं काय गेलं?

आठवड्याभराने प्रल्हाद गाडीतून किराणा आणायला गेला आणि परत आल्यावर कुरकुरला. "यार, गाडीत कोणाला सिगरेट ओढू देतोस? आणि वर बाम कसला? डोकं उठलं माझं."

"कोणाला नाही," श्रीरंग म्हणाला.

खाली जाऊन त्याने दार उघडलं. वास खरोखरच होता. उग्र तंबाखू, कापूर, आणि त्याखाली ओल्या लोकरीचा. शेजारची सीट पार मागे सरकवलेली होती. प्रल्हाद बुटका, तो सीट नेहमी पुढे ओढून बसायचा. आज तर तो स्वतः गाडी चालवत होता आणि शेजारी कोणी नव्हतं. श्रीरंगने सीट पुढे घेतली आणि काचा खाली करून ठेवल्या. दोन दिवसांनी बघितलं तर सीट परत मागे. खटका झिजला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. तो धातूंचाच अभ्यास करत होता. झिजलेल्या खटक्यावर त्याचा चटकन विश्वास बसला.

पुढच्या फेब्रुवारीत जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. पण मार्गीचाच फोन आला. "तू आल्याशिवाय कसं होईल? तू त्याला शेवटचा भेटलेला माणूस आहेस."

या खेपेला नवे चेहरे होते. दोघं तर पिट्सबर्गहून केवळ त्याचं ऐकायला आले होते. श्रीरंग उभा राहिला. ल्यूइसटाउनचा रस्ता, बर्फ, गुणगुणणं, एवढं सांगून बसायचं, असं मनाशी घोकून आला होता. आणि तोंडातून निघालं:

"सेव्हन माउंटन्सच्या चढावर, ते वळण आहे ना, जिथे आइस्क्रीमची टपरी असते, हिवाळ्यात बंद असलेली, तिथे मी गाडी थांबवली. तो उतरला. टपरीपुढे बाक आहे, त्यावर बसला. कॉलर वर केली."

पिट्सबर्गचे दोघं पुढे सरकून बसले.

"तिथे का?" कोणीतरी विचारलं.

"माहीत नाही," श्रीरंग म्हणाला. आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. त्या रस्त्याने तो एकदाच गेला होता, तेही उन्हाळ्यात. टपरी पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण आता बाक दिसत होता. बाकाची एक फळी मोडलेली होती. गिटारची पेटी बाहेर काढून देताना ती किती जड लागली, तेही हाताला आठवत होतं.

"मग परत बसला, आणि स्टेशनवर सोडलं," त्याने घाईघाईने पुरं केलं. ते वाक्य मात्र त्याला खोटं वाटलं. बाकीची नाही.

त्यानंतर त्याची झोप उडाली. डॉज विकायला काढली, पण बघायला आलेले लोक दार उघडून वास घेत आणि निघून जात. शेवटी त्याने प्रल्हादला सगळं सांगितलं. प्रल्हादने ऐकून घेतलं. वरण ढवळत तो म्हणाला, "मी सांगू? मार्गीला जाऊन सांगून टाक. म्हण, मी नव्हतोच तिथे. काय होईल फार तर? हसतील, नाहीतर बोलणं टाकतील."

"मग तिला परत तेच वाटत राहील. कोणी निरोप दिला नाही म्हणून."

"ते खरंच आहे ना पण?" प्रल्हाद म्हणाला.

श्रीरंगला पटलं. तरी वर्ष गेलंच. सांगायला म्हणून तो मार्गीच्या घरापर्यंत दोनदा गेला आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत फिरला.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत तळघरात पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती. पांढरे केस, मांडीवर पर्स, पाठ ताठ. हॅदर्लीची धाकटी बहीण, ईडिथ. मार्गीने पत्ता शोधून तिला हलहून बोलावून घेतलं होतं.

"मला तो मुलगा बघायचा होता," ईडिथ म्हणाली. तिचं इंग्रजी श्रीरंगला जरा सांभाळून ऐकावं लागत होतं. "आल्फने मला त्या रात्री फोन केला होता. डोंगरात कुठेतरी, रस्त्याच्या कडेला फोनचा डबा होता. पैसे मी भरले, माझ्याकडे पहाट होत होती. म्हणाला, एक चांगला इंडियन मुलगा भेटलाय, स्टेशनवर सोडतोय. त्याचं पेट्रोल संपत आलंय, भरून येतो म्हणालाय. मी बाकावर बसलोय. येईलच इतक्यात."

तिने पर्सची कडी उघडली आणि बंद केली.

"सकाळी बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला सापडला. बसलेलाच होता. त्याला तिथे कोणी सोडलं, ते पोलिसांना कधी कळलं नाही."

श्रीरंग उठला. "मी खोटं बोललो. मी त्याला कधी भेटलोच नाही. त्या संध्याकाळी मी लॅबमध्ये होतो. तेव्हा माझ्याकडे गाडीसुद्धा नव्हती. गाडी मी नंतर घेतली, उन्हाळ्यात. हवं तर प्रल्हादला विचारा."

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

मार्गी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "श्रीरंग, मी खिडकीतून बघितलं होतं. तपकिरी डॉज. तू त्याची पेटी मागच्या सीटवर ठेवलीस. त्याला डोकं वाकवून बसावं लागलं, इतका उंच होता."

"तू म्हणाली होतीस, तो गेलेला कळलंच नाही."

"असं कसं म्हणेन मी?" मार्गी म्हणाली, आणि तिला मनापासून नवल वाटत होतं.

ईडिथने त्याच्या दंडावर हात ठेवला. "बर्फ किती पडत होता. तुला परत येता आलं नाही. आल्फ काही मनात धरणारा माणूस नव्हता. तो म्हणाला होता, मी थांबतो."

श्रीरंग कोट न घेताच बाहेर आला.

दुपार अजून सरली नव्हती. आभाळ राखी होतं आणि बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. त्याला घरी जायचं होतं. पण गाडी आधी पेट्रोल पंपावर वळली. काटा अर्ध्याच्या वर होता. त्याने टाकी काठोकाठ भरून घेतली आणि ल्यूइसटाउनचा रस्ता धरला.

तिथे कोणी नसणारच, हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता. एकदा डोळ्यांनी बघून यायचं. बाक रिकामा दिसला की संपलं.

डोंगराचा चढ लागला. झाडं रस्त्याला चिकटून आली. वळणावर टपरी होती, फळ्या ठोकून बंद केलेली. पुढे बाक. त्याची एक फळी मोडलेली.

बाक रिकामा होता.

श्रीरंगने रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि उतरला. बाकावर कोवळा बर्फ साचला होता आणि त्याला कशाचाच स्पर्श झालेला नव्हता. कितीतरी दिवसांनी त्याला छातीभर श्वास घेता आला. "सॉरी," तो मराठी वळणाने म्हणाला. ते कोणी ऐकायला नव्हतं, म्हणूनच म्हणता आलं.

टपरीच्या बाजूला फोनचा डबा होता. काच फुटलेली, आत पाचोळा.

फोन वाजायला लागला.

तो वाजू देणार होता. डोंगरातल्या फोनवर कोण कोणाला फोन करेल? राँग नंबर असेल. पण घंटा थांबेना, आणि त्या शांततेत ती फार दूरवर जात होती. त्याने रिसीव्हर उचलला.

आधी नुसती खरखर आली, समुद्रापलीकडून यावी तशी. मग बाईचा आवाज. हलचं इंग्रजी. तासाभरापूर्वी ऐकलेलाच आवाज, पण झोपेतून उठलेला, काळजीचा.

"आल्फ? अजून तिथेच आहेस? आला का तो मुलगा?"

मी आल्फ नाही, असं सांगायला श्रीरंगने तोंड उघडलं. श्वासात कापूर आणि तंबाखू होता.

"नॉट येट," तो म्हणाला. "येईलच इतक्यात."

रिसीव्हर जागेवर ठेवून तो वळला. रस्ता मोकळा होता. गाडी उभी होती तिथे काळपट ओलसर जमीन तेवढी होती, आणि चाकांच्या ताज्या खुणा गावाकडे वळलेल्या.