हात द्या, ताई

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास सुदाम तीन बायकांना घेऊन कोंडाच्या धबधब्याकडे निघाला. वेवजीच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून जे रान आहे, त्यात हा धबधबा. तिघी बोईसरच्या एकाच शाळेतल्या शिक्षिका होत्या: निर्मला, संगीता आणि त्यांच्यात वयानं लहान शितल. भाद्रपद लागला होता. चार दिवस पाऊस उघडला होता, पण रानातून धुकं हललं नव्हतं. सागाच्या पानांवरून टपटप पाणी गळत होतं आणि कुजक्या पाल्याचा ओला, गोडसर वास सगळीकडे भरला होता.

पावसाळ्यात लोकांना धबधबे दाखवायचे आणि उरलेलं वर्ष डहाणूकडच्या वाड्यांत चिकू उतरवायचे, असा सुदामचा क्रम होता. पण कोंडाची वाट त्यानं वर्षभर टाळली होती. निघताना बायको, शुक्री, म्हणालीसुद्धा, "दुसरीकडं न्या ना त्यांना." त्यानं पाण्याची बाटली उचलली. किती दिवस टाळणार?

ओढा ओलांडायच्या जागी काठाला एक काळा, बसका धोंडा आहे. अख्ख्या रानात फोनला रेंज मिळते ती त्या धोंड्यापाशीच. सुदामनं मान खाली घातली, धोंड्याकडे न बघता ओढा ओलांडला आणि झपाझप चढ चढला. वर टेकाडावर वाघदेवाचं ठाणं आहे. तिथं दम खायला ते थांबले. शितल जरा मागे राहिली होती. ती धापा टाकत आली.

"दादा, खाली त्या धोंड्यावर एक बाई बसलीय. पाय मुरगळलाय वाटतं तिचा."

सुदामच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली.

"मी म्हटलं, चला, धरते तुम्हाला. तर नाही म्हणाली. म्हणाली, सुदामदादा सांगून गेलेत, मी येईपर्यंत हलू नका… तुमच्या ओळखीची आहे का?"

"कशी… कशी होती दिसायला?"

"गुजराती वाटली बोलण्यावरून. पिवळा कुर्ता. चिंब भिजलेली होती हो. पाऊस तर नाहीय…"

पिवळा कुर्ता. गेल्या श्रावणात वापीहून आलेल्या घोळक्यात ती होती. ‘पूर्वी’ असं तिचं नाव. ओढ्यापाशी तिचा पाय मुरगळला. बाकीच्यांना धबधबा बघायची घाई. सुदामनं तिला धोंड्यावर बसवलं आणि म्हणाला, "ताई, मी येईपर्यंत इथून हलू नका. अर्ध्या तासात आलो." ती हसून म्हणाली होती, "नाय हलणार, दादा."

वर धबधब्यापाशी अर्ध्याचा तास झाला, तासाचा दीड. मग पाण्याचा रंग पालटला. गढूळ पाणी, त्यात पाचोळा, वर कुठेतरी गडगड. लहानपणापासून या ओढ्यावर वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. त्यानं ओरडून सगळ्यांना कड्यावर चढवलं. अजून वेळ होता. पळत सुटला असता तर धोंडा गाठला असता. पण पाय उचलला नाही. तो त्या लोकांबरोबर कड्यावर बसून राहिला, आणि लोंढा त्याच्या डोळ्यांदेखत खाली धोंड्याकडे गेला. ती वाहून गेली.

संध्याकाळी पोलिसांनी विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी पोचलो होतो, साहेब. हात धरला होता तिचा. पाण्यानं सोडवला." कड्यावरच्या लोकांनी ते खोडलं नाही; त्यांचा जीव त्यानंच वाचवला होता. बाकी सगळ्यांनी ते खरं मानलं. ग्रामसभेत त्याला शाल-नारळ दिला. ती शाल त्यानं पेटीच्या तळाशी कोंबली, ती कधी बाहेर काढली नाही. रात्री भाताचा घास घशाखाली उतरत नसे. शुक्रीला वाटे, त्या बाईचा हात सुटल्याचं दुःख आहे.

"दादा, काय झालं?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"तुम्ही तिघी इथंच बसा," सुदाम उठत म्हणाला. "मी येईपर्यंत हलू नका."

शब्द तोंडातून गेले आणि गेल्या श्रावणातलेच ते शब्द, हे त्याला कळलं. पण थांबवलं नाही त्यानं स्वतःला. तो चढ उतरून गेला.

धोंड्यावर कुणी नव्हतं. धुक्यात सगळे दगड दहिवरानं ओलसर झाले होते, पण धोंड्यावरून पाण्याचे ओघळ वाहत होते, कुणीतरी नुकतंच भिजल्या कपड्यांनी उठून गेल्यासारखे. सुदाम गुडघ्यांवर बसला. हात जोडले.

"ताई… मी आलोच नव्हतो. मी घाबरलो. माझी चूक…"

ओढ्याचं पाणी तेवढं खळखळत होतं. मग त्याला वाटलं, हे इथं बोलून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांगायला हवं. तिच्या नवऱ्याचा, जिग्नेशचा, नंबर त्याच्याकडे होता. दिवाळीला जिग्नेशनंच आपणहून फोन केला होता, आणि सुदामनं उचलला नव्हता. त्यानं फोन लावला.

"बोला, सुदामभाई."

सुदाम एका दमात सगळं बोलला. हात धरला नव्हता. आलोच नव्हतो. खोटं बोललो.

"असं का बोलता, भाई?" जिग्नेशचा आवाज हळू झाला. "तुमचा काय दोष नाय. मी ऐकलंय ना सगळं."

"काय ऐकलंत?"

"तिचा लास्ट फोन मलाच होता. तिथूनच केला होता. बोलता बोलता म्हणाली, दादा आले घ्यायला, ठेवते. आणि मागून तुमचा आवाज… हात द्या, ताई. पाय जपून. मीच तर पोलिसांना सांगितलं, हा माणूस गेला होता. म्हणून तर तुमच्यावर कुणी बोट नाय ठेवलं."

त्या वेळी तो कड्यावर होता. दहा माणसांच्या मधे.

"जिग्नेशभाई, तो मी नव्हतो…"

"मग कोण होतं?"

तेवढ्यात ओढ्याच्या वरच्या वळणाकडून, धुक्याच्या पलीकडून, त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तोच त्याचा बसका घसा, तीच पाड्यावरची बोलायची ढब.

"हात द्या, ताई. पाय जपून."

आणि त्यावर शितलचा आवाज, "आले, दादा."

फोन हातातून पडला. या वेळी सुदामचे पाय थांबले नाहीत. तो पाण्यातून, दगडांवरून, ठेचकाळत, ओरडत वर धावला, "शितलताई! थांबा! हात देऊ नका!" वळणावर ती दिसली. ओढ्याच्या ऐन मधोमध, शेवाळलेल्या दगडावर. दोन पावलं मागे सरकून अंग चोरून उभी, आणि तिच्यासमोर नुसतं धुकं. तिच्या पायाशी पाणी गढूळ होऊ लागलं होतं.

सुदामनं तिच्या पाठीवरची सॅक धरून तिला खेचलं. दोघं काठावर आपटले, हातापायांवर चढ चढले, आणि मागे लोंढा गरजत गेला. त्या वळणावरचे दगड दिसेनासे झाले.

दोघी मैत्रिणी वरून रडत धावत आल्या. मग शितल सुदामकडे टक लावून बघत म्हणाली,

"तुम्ही वरच्या वळणावरनं मला हाक मारलीत. मी खाली उतरले. तुम्ही पाण्यात उभे होतात, हात पुढे करून. मी धरणारच होते… तर ती बाई ओरडली."

"कोण बाई?"

"धोंड्यावरची. माझ्या मागेच उभी होती. म्हणाली, धरू नको. हे दादा नाहीत."

सुदाम तिथंच मातीत बसला आणि ढसाढसा रडला. जिला त्यानं सोडून दिलं होतं, तिनं त्याची जबाबदारी निभावली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोलिसांत जाऊन खरं काय ते सांगितलं. जबाबाचे कागद झाले, लोक तोंडावर बोलले, जिग्नेशनं पुन्हा फोन केला नाही. शाल ग्रामपंचायतीत परत दिली. शुक्री दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मुकाट्यानं त्याच्या ताटात भात वाढला. धबधब्याचं काम त्यानं कायमचं सोडलं. आता बारा महिने तो डहाणूच्या वाडीत असतो. कोंडाच्या वाटेला त्याचं पाऊल पुन्हा लागलेलं नाही.

पण पावसाळ्यात कधीमधी धबधबा बघून परतणारी माणसं वाडीपाशी चिकू घ्यायला थांबतात. सुदामला बघतात, एकमेकांकडे बघतात. आणि त्यांच्यातलं कुणीतरी हसत विचारतं,

"काय हो दादा, आमच्या आधी खाली कसे पोचलात?"